पाण्यात सळया टाकल्या आणि पाणी तपकिरी झालं! विद्युत अपघटन म्हणजे नेमकं काय?

मागच्या उन्हाळ्यात वर्ध्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. टेबलावर दोन ग्लास होते. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात बाटलीतलं आरओचं. वॉटर प्युरिफायर विकायला आलेल्या एका माणसाने दोन्ही ग्लासांत धातूच्या सळया असलेलं एक यंत्र बुडवलं आणि प्लग लावला. मिनिटभरात बोअरचं पाणी हिरवट, मग तपकिरी झालं. वर गाळ तरंगायला लागला. आरओचा ग्लास मात्र होता तसाच राहिला.

"बाप्पा! इतके वर्ष हेच पीत होतो का रे आपण?" आई म्हणाली. तिला एवढी भीती वाटायला कारणही होतं. ताई बाळंतपणानंतर माहेरी आली होती, बाळ चार महिन्यांचं होतं आणि त्याला वरचं दूधही सुरू होतं.

मी तिला एकच सांगितलं, "आई, आज पैसे देऊ नको. तो रंग पाण्यातून आलेला नाही, त्या सळईतून आला आहे."

असा डेमो तुमच्याही घरी, सोसायटीत किंवा बाजारात झाला असेल. त्यात दिसतं ते खरं असतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. हे ओळखायला नववीच्या विज्ञानातला एकच धडा पुरतो, विद्युत अपघटनाचा. चला तर मग, तो धडा या दोन ग्लासांच्या मदतीने समजून घेऊया.

विद्युत अपघटन म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, आपोआप होत नसलेली रासायनिक क्रिया वीज देऊन घडवून आणणे म्हणजे विद्युत अपघटन. यालाच इंग्रजीत इलेक्ट्रोलिसिस म्हणतात.

ग्लासात ठेवलेलं पाणी कितीही दिवस ठेवा, ते आपोआप हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटत नाही. पण त्यातून वीज पाठवली की फुटतं. १८०० साली लंडनमध्ये विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी हे करून दाखवलं. त्याच वर्षी व्होल्टाने आपल्या बॅटरीची माहिती जगाला कळवली होती, आणि या दोघांनी तशीच बॅटरी बनवून तिच्या तारा पाण्यात सोडल्या. पुढे १८३४ मध्ये मायकेल फॅरेडेने इलेक्ट्रोलिसिस, इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ केले. आपण आजही तेच वापरतो.

विद्युत अपघटनी घटाचे भाग

ज्या मांडणीत ही क्रिया होते तिला विद्युत अपघटनी घट म्हणतात. त्यात चार गोष्टी लागतात.

१. विजेचा स्रोत: एकाच दिशेने वाहणारी वीज, म्हणजे डीसी. बॅटरी किंवा ॲडॅप्टरमधून ती मिळते. घरातल्या प्लगमध्ये एसी असते. ती डीसी करण्यासाठी डेमोच्या यंत्रात आतमध्ये डायोड बसवलेला असतो.

२. ॲनोड किंवा धनाग्र: बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली सळई. इथे पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतात. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात.

३. कॅथोड किंवा ऋणाग्र: ऋण टोकाला जोडलेली सळई. इथे पदार्थ इलेक्ट्रॉन घेतात. ही क्रिया म्हणजे क्षपण.

४. विद्युत अपघटनी द्रावण: ज्यात आयन मोकळे फिरतात असा द्रव. आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला कण. मीठ पाण्यात विरघळलं की सोडिअमचा धन आयन आणि क्लोराइडचा ऋण आयन वेगळे होतात.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तारेतून वीज इलेक्ट्रॉन नेतात, पण पाण्यातून इलेक्ट्रॉन पोहत जात नाहीत. पाण्यात हे काम आयन करतात. धन आयन कॅथोडकडे सरकतात, ऋण आयन ॲनोडकडे. म्हणून पाण्यात आयन जितके कमी, तितकी वीज कमी वाहणार. हे वाक्य लक्षात ठेवा, आरओच्या ग्लासाचं उत्तर यातच आहे.

घट आणि बॅटरी यात फरक काय?

तुमच्या हातातला फोन वापरात असतो तेव्हा त्याच्या बॅटरीत रासायनिक क्रिया आपोआप होते आणि आपल्याला वीज मिळते. हा झाला विद्युत घट. चार्जर लावला की बाहेरची वीज तीच क्रिया उलटी ढकलते, लिथियमचे आयन परत ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. म्हणजे चार्जिंगच्या वेळी तीच बॅटरी विद्युत अपघटनी घटासारखी वागते. आपोआप क्रिया होऊन वीज मिळाली तर विद्युत घट, वीज देऊन क्रिया करवली तर विद्युत अपघटनी घट.

सळयांवर नेमकं काय घडतं?

आधी सोपी स्थिती घेऊ. दोन्ही सळया ग्रॅफाइटच्या किंवा प्लॅटिनमच्या आहेत, म्हणजे स्वतः सहजासहजी विरघळत नाहीत अशा. पाण्यात वीज वाहण्यापुरता थोडा क्षार आहे.

कॅथोडवर पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. ॲनोडवर पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. हायड्रोजनचं आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट भरतं, कारण पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्त द्यावे लागतात.

आता मुख्य नियम. ॲनोडवर जो पदार्थ सर्वात सहज इलेक्ट्रॉन सोडतो, सहसा त्याचीच क्रिया आधी होते. तिथे पाणी असतं, पाण्यातले ऋण आयन असतात, आणि ती सळई स्वतःही असते. सळई ग्रॅफाइटची असेल तर ती जवळपास बाजूलाच राहते. पण ती लोखंडाची असेल तर?

मग ग्लासातलं पाणी तपकिरी का झालं?

डेमोच्या यंत्रात प्रत्येक ग्लासासाठी दोन सळया असतात. बहुतेक वेळा त्यातली एक ॲल्युमिनियमची आणि दुसरी लोखंडाची असते, आणि लोखंडाची सळई ॲनोड म्हणून जोडलेली असते.

लोखंड पाण्यापेक्षा फार सहज इलेक्ट्रॉन सोडतं. त्यामुळे ऑक्सिजन बाहेर पडण्याऐवजी लोखंडच विरघळायला लागतं. पुढचा क्रम असा:

* ॲनोडवरचा लोखंडाचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि पाण्यात उतरतो.
* कॅथोडवर हायड्रोजन निघतो आणि तिथे हायड्रॉक्साइड आयन तयार होतात.
* लोखंडाचे आयन आणि हायड्रॉक्साइड आयन भेटले की हिरवट रंगाचं फेरस हायड्रॉक्साइड बनतं.
* हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते तपकिरी होतं. हा जवळपास आपला ओळखीचा गंजच.
* हायड्रोजनचे बुडबुडे हा गाळ वर उचलतात, म्हणून घाण तरंगल्यासारखी दिसते.

पाणी जड असेल तर कॅथोडजवळ पांढरट कणही दिसतात. ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, म्हणजे गिझरच्या कॉइलवर साचतो तोच थर.

थोडक्यात, ग्लासातली ती "घाण" एक मिनिटापूर्वी पाण्यात नव्हती. ती यंत्राने तिथेच बनवली.

किती लोखंड विरघळलं? हिशोब करू

फॅरेडेने शोधलेला नियम सोपा आहे: जितका विद्युतप्रभार वाहिला, तितक्या प्रमाणात पदार्थ बनतो किंवा विरघळतो. प्रभार म्हणजे विद्युतधारा गुणिले वेळ.

समजा ग्लासातून अर्धा अँपिअर धारा एक मिनिट वाहिली.

* प्रभार = ०.५ × ६० = ३० कूलोंब
* एक मोल इलेक्ट्रॉनचा प्रभार सुमारे ९६,४८५ कूलोंब
* लोखंडाचं मोलर वस्तुमान ५५.८५ ग्रॅम, आणि प्रत्येक अणूमागे २ इलेक्ट्रॉन
* विरघळलेलं लोखंड = ३० × ५५.८५ ÷ (२ × ९६,४८५) = ०.००८७ ग्रॅम, म्हणजे ८.७ मिलिग्रॅम

आकडा छोटा वाटतो. पण ग्लासात पाणी २०० मिलिलिटर असेल, तर हे प्रमाण लिटरला सुमारे ४३ मिलिग्रॅम होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. म्हणजे यंत्राने एका मिनिटात मर्यादेच्या चाळीसपट लोह पाण्यात सोडलं, आणि दोष मात्र तुमच्या बोअरवर गेला!

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हा अनुभव नेहमीचा. कधी कधी बग प्रोग्राममध्ये नसतो, टेस्ट करणाऱ्या टूलमध्येच असतो.

आरओचं पाणी मग स्वच्छ का राहिलं?

कारण त्यात आयन खूप कमी असतात. अगदी शुद्ध पाण्यात तर सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकच रेणू आयनांत विभागलेला असतो. आयन नाहीत, म्हणून वीज जवळपास वाहत नाही. वीज वाहत नाही, म्हणून लोखंड विरघळत नाही.

यावरून पाणी शुद्ध आहे की नाही हे कळत नाही, फक्त त्यात क्षार कमी आहेत एवढंच कळतं. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल.

आणि क्षार असणं म्हणजे पाणी वाईट असणं नव्हे. वर्धा जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. त्या खडकातून मुरलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. म्हणून डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्रास आहे, पण ते विष नाही.

घरी करून बघा, पण प्लगला हात लावू नका

विक्रेत्याच्या यंत्रासारखं काहीही २३० व्होल्टच्या प्लगवर करू नका, जीवावर बेतू शकतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरेशी आहे.

लागणारं सामान: बॅटरी, क्लिप असलेल्या दोन वायर, दोन लोखंडी खिळे, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, आणि तीन काचेचे ग्लास.

१. पहिल्या ग्लासात बोअरचं पाणी घ्या आणि पेन्सिली बुडवा. पेन्सिलीचं "शिसं" म्हणजे खरं तर ग्रॅफाइट. दहा मिनिटं ठेवा. बुडबुडे येतील, पण पाणी तपकिरी होणार नाही. फार तर ग्रॅफाइटचे एक-दोन काळे कण सुटतील.

२. दुसऱ्या ग्लासात तेच पाणी, पण आता खिळे. दहा मिनिटांत पिवळट-तपकिरी रंग दिसेल.

३. तिसऱ्या ग्लासात आरओचं किंवा इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी, चिमूटभर मीठ आणि खिळे. हेही पाणी रंग बदलेल.

पहिल्या दोन ग्लासांत पाणी एकच होतं, फक्त सळया बदलल्या. रंग कुठून येतो याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही.

काळजी: दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका, बॅटरी गरम होते. खिडकी उघडी ठेवा. मीठ चिमटीपेक्षा जास्त नको, आणि मिठाच्या पाण्यात पेन्सिली वापरू नका, कारण त्यातून क्लोरीन वायू निघू शकतो. प्रयोगाचं पाणी पिऊ नका.

मग खरी काळजी कशाची करायची?

हा डेमो नुसता फसवा नाही. तो आपलं लक्ष भलतीकडे नेतो. वर्ध्यात ज्या गोष्टीची खरोखर तपासणी व्हायला हवी, ती यात दिसतच नाही. ती म्हणजे नायट्रेट.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात, नायट्रेटची समस्या सर्वात जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये वर्ध्याचं नाव आहे. सोबत यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, जळगाव, बीड, नांदेड हेही आहेत. शेतातल्या युरियासारख्या खतांचा नत्र आणि सांडपाणी जमिनीत मुरून भूजलात पोहोचतं.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सर्वात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो. अशा पाण्यात कालवलेलं वरचं दूध दिलं, तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते आणि अंग निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.

म्हणून घरातल्या भीतीवर उत्तर हवं असेल तर ते प्रयोगशाळेतून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. गावात असाल तर ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे चौकशी करा. तपासणीत निदान एवढं बघा: नायट्रेट, फ्लोराइड, एकूण क्षार, जडपणा आणि जिवाणू.

आमच्याकडे आईने बोअरची आणि नळाची अशा दोन बाटल्या तपासायला दिल्या. बोअरच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं, नळाचं पाणी मर्यादेत होतं. तेव्हापासून पिण्यासाठी आणि बाळासाठी फक्त नळाचं पाणी उकळून, आणि बोअरचं धुण्या-भांड्यांसाठी. नवीन यंत्र घ्यावं लागलं नाही. विक्रेता म्हणाला तसं बोअरच्या पाण्यात काहीतरी होतं हे खरं, पण ते त्याच्या ग्लासात दिसलं नव्हतं.

तुमच्या घरी नायट्रेट किंवा क्षार खरोखर जास्त निघाले आणि दुसरं पाणी नसेल, तर आरओ जरूर घ्या. तो नायट्रेट कमी करतो. फक्त निर्णय रिपोर्ट बघून घ्या, रंग बघून नाही.

हेच विद्युत अपघटन तुमच्या फोनमध्येही होतं

पावसात किंवा घामाच्या हातांनी चार्जिंग पोर्ट ओला झाला आणि तुम्ही तसाच चार्जर लावला, तर काय होतं? पोर्टमधल्या पिना म्हणजे सळया, चार्जर म्हणजे बॅटरी, आणि घामाचं खारट पाणी म्हणजे द्रावण. छोटासा विद्युत अपघटनी घट तयार! धन पिनेवरचा धातू विरघळायला लागतो. पोर्टमध्ये हिरवट डाग दिसला तर तो तांब्याचा क्षार असतो. नंतर "चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही" अशी तक्रार सुरू होते.

म्हणूनच अनेक फोन पोर्टमध्ये पाणी असल्याची सूचना देतात. ती आली की चार्जर काढा, पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि हवेशीर जागी वाळू द्या. फोन तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याचे कण आणि पीठ पोर्टमध्ये अडकतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टीडीएस मीटर म्हणजे हेच यंत्र का?
नाही. टीडीएस मीटर पाण्यातून किती वीज वाहते हे मोजून क्षारांचा अंदाज देतो. त्यात दिशा सतत बदलणारी अगदी कमी वीज वापरतात, त्यामुळे अपघटन जवळपास होत नाही. पण तो फक्त एकूण आकडा सांगतो. त्यात कॅल्शियम किती आणि नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. जिवाणू तर अजिबात नाही.

टीडीएस किती असावा?
भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं.

विद्युत अपघटनाचा चांगला उपयोग कुठे होतो?
भरपूर ठिकाणी. दागिन्यांवर सोन्याचा मुलामा, नळाच्या तोट्यांवर क्रोमियमचा थर, तांब्याचं शुद्धीकरण, वितळलेल्या खनिजापासून ॲल्युमिनियम काढणं, पाण्यापासून हायड्रोजन इंधन बनवणं, हे सगळं याच तत्त्वावर चालतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी का कमी होतं?
चार्जिंग पूर्ण झाल्यावरही वीज जात राहिली की त्यातलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. म्हणून डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून ती बॅटरी बंद कपाटात ठेवू नये.

थोडक्यात

विद्युत अपघटनात काय बनेल हे तीन गोष्टींवर ठरतं: द्रवात कोणते आयन आहेत, सळया कशाच्या आहेत, आणि किती वीज किती वेळ वाहिली. पुढच्या वेळी कोणी तुमच्या घरी ग्लासात सळया बुडवल्या, तर पाण्याकडे बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: "दादा, ही सळई कशाची आहे?" मग त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत जा.